पुढची सीट

पुढे

आधी क्लबाचा नियम सांगायला हवा. त्या संध्याकाळी जे झालं ते सगळं त्याच खुंटीला टांगलेलं आहे.

हॅम्बर्गमधल्या त्या क्लबात सायकली जोडसीटांच्या. पुढे बसतो त्याला दिसतं, मागे बसतो त्याला दिसत नाही. पुढचा वळवतो, थांबवतो, खड्डा आला की ओरडतो. मागचा फक्त पाय मारतो आणि विश्वास ठेवतो. दर जानेवारीत हा सगळा क्लब ब्रेमेनला जातो, सहा दिवसांची शर्यत बघायला. बघायला असंच सगळे म्हणतात, अर्ध्यांना दिसत नसलं तरी. बाहेर कडाक्याची थंडी असते, आत एका प्रचंड हॉलमध्ये लाकडी ट्रॅक, कढईसारख्या उभ्या कडा, संगीत, बिअर आणि गोल गोल फिरणारे सायकलवाले. शेवटच्या मोठ्या शर्यतीच्या आधी क्लबाच्या जोड्या ठरतात. मागे बसणारा उभा राहून एक नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं त्याने ‘हीअर’ म्हणायचं, मी इथे. त्या आवाजाच्या रोखाने हात येतो आणि खांद्यावर पडतो. वर्षभराची गाठ बांधली गेली. कारण विचारायचं नाही, नाही म्हणायचं नाही.

‘लग्नापेक्षा सोपं,’ असं हायके म्हणते. हायके म्हणजे क्लबाची संस्थापक, जन्मापासून न दिसणारी, चौसष्टची, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा.

गेली चार वर्षं पद्माकरने एकच नाव घेतलं होतं. आपल्या बायकोचं.

यंदा गाडी हारबुर्ग सोडून निघाली तेव्हा अरुंधतीने थट्टेच्या सुरात विचारलं, “काय मग, यंदा कुणाचं नाव?”

उत्तर यायला हवं होतं, ‘तुझंच, दुसरी कोण विचारतंय मला.’ चार वर्षं हेच येत होतं.

पद्माकर म्हणाला, “तिथे गेल्यावर बघू.”

समोरच्या सीटवर बसून चकली खाणारा ओजस खिडकीबाहेर बघू लागला. फार लवकर बघू लागला, असं अरुंधतीला वाटलं.

मागे

पद्माकरची नजर एकदम गेली नाही. आधी कडा गेल्या, मग नळीतून बघावं तसं मधलंच दिसू लागलं, मग नळीच्या टोकाचं भोकही बुजलं. तेव्हा त्यांची मुलगी अन्वी पाच वर्षांची होती. विमानाच्या कारखान्यात डोक्यावरच्या कप्प्यांची ड्रॉइंग्ज करणाऱ्या अरुंधतीने त्या दिवसापासून दुसरी नोकरी धरली, बिनपगारी, चोवीस तासांची. सांगण्याची.

पायरी आहे. डावीकडे खांब. समोर येते ती मिसेस क्रॅमर, हसतेय, तूही हस. शर्टावर वरणाचा डाग आहे, उजवीकडे. व्हिडिओ कॉलवर आई वाळल्यासारख्या दिसतायत, खरं सांगते. तुझे केस मागून विरळ झालेत, तेही खरं. आज एल्बेला पूर आहे, पाणी चहाच्या रंगाचं.

ती रंगवून सांगत नसे. जे आहे ते, जिथे आहे तिथे. लग्नानंतर सायकलला हात न लावलेली बाई चाळिशी उलटल्यावर टँडेमच्या पुढच्या सीटवर बसायला शिकली, दोनदा गुडघे फोडून घेतले, पण त्याला कधी पाडलं नाही. त्याला एक ओरखडाही नाही, हे ती लोकांना सांगायची. तो ऐकून घ्यायचा.

मग गेल्या ऑक्टोबरात ओजस आला.

सांगलीचा पोरगा, अठ्ठावीसचा, हारबुर्गच्या विद्यापीठात खाऱ्या पाण्यातल्या काँक्रीटवर डॉक्टरेट करणारा. क्लबाला पुढे बसणारे नेहमीच कमी पडतात, त्यात मराठी बोलणारा. पहिल्याच रविवारी अरुंधतीला सर्दी होती म्हणून ओजस पद्माकरला घेऊन गेला. दोघे परत आले ते चिखलाने माखून. पद्माकरच्या कोपराला खरचटलेलं, दाढीत पान अडकलेलं आणि चेहरा असा की अरुंधती दारातच थबकली. हा चेहरा तिने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

“पडलास?”

“पडलो! उतारावर ब्रेकच लावला नाही त्याने. अरू, वारा कानात असा शिरत होता, असा...” शब्द न सापडून त्याने हातच भिरकावला आणि छत्र्यांचा स्टँड पाडला.

ओजस मागे उभा राहून कान खाजवत होता. “सॉरी हां काकू. दादाच म्हणाले, सोड.”

हे एक. तो पद्माकरला दादा म्हणायचा आणि तिला काकू. आता दादाची बायको वहिनी होते. काकू कुठल्या नात्याने होते? नवरा-बायकोत दोन वर्षांचं अंतर, त्यात या पोराने आख्खी पिढी घुसवली. तिने एकदा सुचवूनही पाहिलं, “अरे, वहिनी म्हण की.” तो म्हणाला, “हो काकू.”

स्वयंपाकघरात अन्वी जखमेवर लावायला मलम शोधत होती. तिच्याकडे बघून अरुंधती पुटपुटली, “बेजबाबदार आहे पोरगा.”

सतरा वर्षांची मुलगी ट्यूबचं टोपण फिरवत म्हणाली, “ममा, डू ब्रेम्स्ट इमर.”

तू कायम ब्रेकच लावतेस. मुलीने ते जर्मनमध्ये म्हटलं म्हणून कमी लागलं असं नाही.

पुढे

हॉलमध्ये शिरताना क्लबाची आणखी एक जुनी रीत. सगळ्यांच्या पुढे हायके चालते. “वीस वर्षं इथेच बसतेय, मला काय विचारता,” म्हणत ती काठी आपटत जाते आणि डोळे शाबूत असलेली माणसं मुकाट तिच्या मागे जातात. तिकिटावरचा ब्लॉक कुणी वाचत नाही. वाचणं म्हणजे हायकेचा अपमान.

त्यामुळे यंदाही दहाजण हायकेने काठीने ठोकलेल्या रांगेत बसले. अरुंधतीने पद्माकरला मधे घेतलं, स्वतः त्याच्या डावीकडे बसली आणि उजवीकडच्या खुर्चीवर आपली पिशवी, मफलर आणि डब्याची थैली असं सगळं मांडून ठेवलं.

“काकू, हे इकडे ठेवू का?” म्हणत ओजसने ते सगळं उचलून तिच्या मांडीवर दिलं आणि तिथे बसला.

दिवे मंदावले. निवेदक गरजला. जोड्यांची शर्यत सुरू झाली. एका जोडीत दोघे, एक शर्यतीत, दुसरा वरच्या कडेने हळू फिरत दम खाणारा. मग खालचा येतो, वरच्याचा हात धरतो आणि आपला सगळा वेग त्याच्या हातात ओतून त्याला शर्यतीत फेकतो.

एकाच क्षणाच्या इथे तीन गोष्टी झाल्या.

*झाली ती.* लाल जर्सीवाल्यांची जोडी तिसऱ्या नंबरवर होती. वळणावर त्यांनी हात मिळवले. नव्याने आत आलेल्याने दोघांना मागे टाकलं. लोक उठून उभे राहिले.

*अरुंधतीने सांगितली ती.* “लाल जोडी तिसरी. हिरवे पुढे, मग निळे. आता लाल बदलतायत. बदलला. आता दुसरे. आता पहिले. आपल्या समोरून गेले.”

*ओजसने सांगितली ती.* “दादा, लाल शर्टवाला बघा. म्हणजे, सॉरी, बघा नाही...”

“बघा म्हण रे. मी बघायलाच आलोय.”

“हां, तर तो वरून असा चाललाय, बायकोने कोथिंबीर आणायला पाठवलेल्या माणसासारखा. काही घाई नाही. आता खालून त्याचा जोडीदार येतोय, तोंडाला फेस, डोळे बाहेर, हात पुढे केलाय, अहो दादा, हा खो-खो आहे खो-खो, फक्त पाठीत धपका नाही, हात धरून भिरकावतात. आला, आला... खो! गेली कोथिंबीर! निळ्याच्या बगलेतून! हिरव्याला तर कळलंच नाही कोण गेलं!”

पद्माकर हसला. पोटातून आलेलं, खांदे हलवणारं हसू. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी वळून पाहिलं आणि तेही उगाच हसले.

“खो-खो!” पद्माकर म्हणाला. “अरू, ऐकलंस? चार वर्षं मला कळत नव्हतं हे लोक करतात काय नक्की.”

चार वर्षं. चार वर्षं तिने त्याला कडेचा उतार सांगितला, फेऱ्या सांगितल्या, गुण कसे मोजतात ते घरून वाचून येऊन सांगितलं. आणि कळलं ते आज, कोथिंबिरीमुळे. खो-खो तिलाही सुचला असता. शाळेत ती स्वतः खेळलेली, उत्तम पळायची. सुचला असता. सुचला नाही, हे खरं.

“डावीकडे जाहिरात आहे,” ती म्हणाली. “इन्शुरन्सची.”



मागे, थोडंसंच

पद्माकरचं काम असं: वेबसाइट तपासायच्या, त्या न दिसणाऱ्यांशी नीट बोलतात की नाही. पानावर चित्र असतं, पण ते काय आहे हे कुणी लिहिलेलं नसतं. मशीन तिथे गप्प राहून पुढे जातं. ऐकणाऱ्याला कळतही नाही की मधे काही होतं.

घरी जेवताना तो अशा पानांबद्दल चिडून बोलायचा. “चुकीचं लिहिलेलं परवडतं गं. गाळलेलं सापडत नाही.”

पुढे

शर्यत संपली. पद्माकरला तहान लागली.

“मी आणतो ना,” ओजस उठला. जॅकेट काढून त्याने पद्माकरच्या मांडीवर टाकलं. “हे बघा जरा, फोन आहे आत. काकू, तुम्हाला काय? आपफेलशोर्ले, सफरचंदाचं सरबत?”

“मला काही नको.”

“फ्राइज घेऊन येतो सगळ्यांना,” म्हणून तो गर्दीत मिसळला.

तो गेला आणि पाचच मिनिटांत रांगेच्या टोकाला पंधराएक पेन्शनर उभे, सगळ्यांच्या हातात तिकिटं. या जागा त्यांच्या होत्या. हायके भांडली. वीस वर्षांचा हिशेब काढला. तिकीट तपासणारा मुलगा अदबीने म्हणाला की गेल्या उन्हाळ्यात रांगांचे नंबर बदललेत. हायके म्हणाली, मला न विचारता? शेवटी सगळं बिऱ्हाड उचलून जिन्यापलीकडे, वरच्या ब्लॉकमध्ये गेलं. अरुंधतीने पद्माकरचा हात आपल्या कोपरावर घेतला, पायऱ्या सांगत त्याला नेलं, बसवलं. उजवीकडे या वेळी भिंत होती.

“ओजसला कळेल का आपण कुठे आहोत?” पद्माकरने विचारलं.

“कळेल. मी बघतेय.”

ती खरंच बघत होती. आणि तिला तो दिसला.

खालच्या जिन्याच्या तोंडाशी, दोन्ही हातांत पुठ्ठ्याचा ट्रे, त्यावर बिअरचे ग्लास आणि फ्राइजचा डोंगर. जुन्या रांगेशी गेला, पेन्शनर बघून दचकला, माफी मागितली. मग मान उंचावून शोधू लागला. इकडून तिकडे, दीपगृहाच्या दिव्यासारखा फिरत. त्याची नजर वर आली, त्यांच्या ब्लॉकवर आली, तिच्यावर आली. तो हसला. ट्रे जरा उंच केला. इथे?

अरुंधतीने हात वर करायचा होता, एवढंच.

तिने मान वळवली आणि ट्रॅककडे बघू लागली.

“आला का गं ओजस?” पद्माकरने विचारलं.

“दिसत नाहीये,” ती म्हणाली.

मधेच

बारा वर्षांत एकदाही तिने त्याला खोटं सांगितलं नव्हतं.

म्हणूनच ते इतकं सोपं गेलं. जिभेला काहीच लागलं नाही. तिला वाटलं होतं, छातीत धडधडेल, आवाज कापेल. काही नाही. उलट मांडीवरून ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं.

पुढे

मग ट्रॅकवर मोपेडवाले आले. त्यांच्या शर्यतीत प्रत्येक सायकलवाल्यापुढे एकेक मोपेड असते, वारा अडवायला. त्यावर काळ्या कपड्यांतला एक जाडजूड माणूस ताठ बसून पाय मारत असतो, आणि सायकलवाला त्याच्या पाठीला चिकटून येतो.

अरुंधतीने सुरुवात केली आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

“पद्माकर, ऐक. सहा व्याही आलेत.”

“कोण?”

“व्याही रे. काळे कोट, ढेऱ्या पुढे, मान ताठ, मानपान नीट झाला नाही म्हणून मोपेड काढून निघालेत. आणि प्रत्येकाच्या मागे एकेक जावई, नाक सासऱ्याच्या पाठीला लावून. ‘थांबा मामा, थांबा!’ मामा थांबतायत कसले. एक व्याही तर इतका जाड आहे की त्याचा जावई मला दिसतच नाही, नुसते गुडघे दिसतायत.”

पद्माकर हसला. पोटातून. खांदे हलले.

“पुढे?” तो म्हणाला.

“दुसरा व्याही आता चिडलाय. वरून येतोय. पहिल्याकडे बघतसुद्धा नाहीये, लग्नात बघतात ना तसं, शेजारून जायचं आणि ओळख नाही दाखवायची. गेला! त्याचा जावई बिचारा वळणावर मागे पडला, सुटला, मोपेड पुढे आणि हा एकटाच, वाऱ्यात, भर मांडवात पागोटं पडल्यासारखा...”

“अरू!” पद्माकरने तिचा हात पकडला. “तू असं सांगतेस? तुला असं येतं?”

तिचे कान तापले. येत होतं. सगळं येत होतं, एकामागून एक, ढकलाढकली करत येत होतं. ती बोलत राहिली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसत राहिलं की ओजस शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरला, तिथून बाहेर आला, ट्रे एका हातावर तोलत कुणाला तरी काही विचारलं, बिअरचा फेस बसला, फ्राइज गार झाल्या. एकदा तो अगदी खालून गेला. तिने आवाज जरा खाली घेतला आणि व्याह्यांना पुन्हा भांडायला लावलं.

“ओजस अजून आला नाही?”

“रांग असेल मोठी.”

ही दुसरी वेळ. पहिलीपेक्षाही सोपी.

तिच्या मनात आलं, आता नावं पुकारली तर बरं. आत्ता, लगेच. तो हसतोय तोवर.

पण अजून एक शर्यत बाकी होती आणि ती सुरू व्हायच्या आत तिकीट तपासणाऱ्या मुलासोबत ओजस वर आला. घामाघूम, टी-शर्टवर बिअर सांडलेली, ट्रे मात्र शाबूत.

“सापडलात! अहो, मी आख्खा हॉल फिरून आलो. यांना विचारलं, एक मोठ्या आवाजाची काठीवाली बाई कुठे गेली, तर यांना बरोब्बर माहीत.”

हायके दुरून म्हणाली, “गेनाऊ,” अगदी बरोबर, जणू तिला मराठी कळत होतं.

“काकू, मी तिथून किती खुणा केल्या तुम्हाला.”

“गर्दी होती,” अरुंधती म्हणाली. “दिसलं नाही.”

“असं कसं? नजरानजर झाली ना आपली. मी ट्रे पण वर केला.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हाच तर त्रास होता. गार फ्राइज पुढे करत तो म्हणाला, “तुम्ही पलीकडे बघितलंत, तेव्हा मला वाटलं, इथे जागा नसेल. म्हणून म्हटलं आधी दुसरीकडे बघू, मग येऊ.”

पद्माकरने ओजसच्या जॅकेटची मांडीवर नीट घडी केली. बाही आत, दुसरी बाही आत. मग ते ओजसला दिलं.

“बस रे. जागा आहे. अरू, जरा सरक.”

ती सरकली. आता पद्माकर आणि तिच्या मधे ओजस. पद्माकर उठला, ओजसला भिंतीकडे जायला सांगितलं आणि स्वतः मधे आला. मग तिच्याकडे तोंड करून, अगदी हळू,

“तो दिसत होता तुला?”

“हो.”

“मी विचारलं तेव्हा?”

“हो.”

“दोन्ही वेळा?”

ती मफलरची टोकं जुळवत राहिली. त्याने मान हलवली. चिडला नाही, आवाज चढवला नाही. एखाद्या पानावर चित्र आहे आणि त्याबद्दल काहीही लिहिलेलं नाही, हे सापडल्यावर तो अशीच मान हलवत असणार. तिने त्याला ऑफिसात काम करताना कधी पाहिलं नव्हतं.

नावं

हायकेने काठी तीनदा आपटली. आजूबाजूच्या लोकांनी वळून बघितलं.

सगळे उभे राहिले. एकेक नाव, एकेक ‘हीअर’, एकेक हात हवेतून येऊन खांद्यावर. कुणाचा हात नाकावर गेला, हशा झाला. अरुंधतीला प्रत्येक ‘हीअर’ ऐकू येत होता आणि तिच्या तोंडात तो शब्द तयार होता, दातांमागे, चार वर्षांच्या सवयीने. आपण काय केलंय ते माहीत असूनही तयार होता. शरीर मूर्ख असतं.

“पद्माकर?” हायके म्हणाली. “वेअर फेर्ट फोर्न?” पुढे कोण?

“ओजस,” पद्माकर म्हणाला.

टाळ्या पडल्या. जरा उशिरा पडल्या.

“दादा, पण काकू...”

“हीअर म्हण.”

“पण मला वाटलं की काकूच...”

“अरे, हीअर म्हण आधी.”

“हीअर.”

पद्माकरचा हात गेला आणि ओजसच्या खांद्यावर पडला. नेमका. एकदाही न चाचपडता. अरुंधतीने तो हात पाहिला. त्यावर कोपराजवळ अजून ऑक्टोबरातला व्रण होता. तिच्या वाट्याच्या चार वर्षांत त्या हाताला काहीच झालं नव्हतं आणि आता तीच गोष्ट तिला स्वतःची फजिती वाटली. तिला त्या पोराचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. तिला त्याचा खांदा हवा होता. तोच, त्या क्षणी, त्या हाताखाली.

ट्रॅकवर दिवे फिरू लागले, शेवटच्या शर्यतीच्या जोड्यांची ओळख सुरू झाली. त्या कोलाहलात पद्माकर तिच्या कानाशी वाकला.

“मी तुझंच नाव घेणार होतो. गाडीतच ठरलं होतं.”

तिने झटकन त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

तो चेहरा तिला पाठ होता. तिनेच रोज त्याची दाढी तपासलेली, तिनेच सांगितलेलं, आता हस, आता नको. त्या चेहऱ्यावर काही नव्हतं. खरं बोलतोय की टोचतोय? गाडीत ठरलं होतं, तर ‘तिथे गेल्यावर बघू’ का म्हणाला? की चिडवत होता, चार वर्षांच्या जुन्या थट्टेला नवी कलाटणी देत होता? की आत्ता, या मिनिटाला, तिला जन्मभर पुरेल असं काहीतरी हाती देत होता, जे तिला कधी तपासता येणार नाही?

“खरं सांगतोयस?” तिने विचारलं.

“आता कसं कळणार तुला,” तो म्हणाला. कडवट नव्हे, जवळजवळ मायेने. आणि बिअरचा घोट घेतला.

पुढे

“मी राहिलेय,” हायके गरजली. तिचा नवरा ऊवे, वीस वर्षं तिच्या पुढे बसणारा, नवा गुडघा बसवून घरी पडला होता. “मलाही पुढे कुणीतरी लागेल. अरुंधती.”

हायकेचा हात हवेत आला. जाड, अंगठ्या घातलेला, बोटं पसरलेली. आवाजाची वाट बघत.



तिला नको होतं. तिला त्या सीटवर दुसरं कुणी मागे नको होतं. तिला घरी जायचं होतं, ऑक्टोबरात जायचं होतं, त्या सर्दीच्या रविवारी उठून कपडे करायचे होते. आणि किती सोपं होतं: बोललं नाही की हायकेला ती दिसणारच नव्हती. हात थोडा वेळ हवेत राहील, मग कुणी म्हणेल, बाहेर गेली असेल. दोन पावलं मागे, भिंतीशी, बस. कुणाला कळणार?

पद्माकरने मान वळवली होती. तिच्या बाजूला, पण नेमकी तिच्याकडे नाही. तोही ऐकत होता. ती आहे हे त्याला माहीत होतं. त्याने सांगितलं नाही.

हात हवेत थरथरायला लागला. चौसष्ट वर्षांची बाई, दंड दुखला असणार.

“हीअर,” अरुंधती म्हणाली.

हायकेचा हात आला तो थेट तिच्या कानावर. तिथून घसरून खांद्यावर. त्याचं वजन चांगलंच होतं.

“किती वेळ लावलास. मला वाटलं, मेलीस.” हायकेने तिला खाली ओढून शेजारी बसवलं. “चल, सांग आता. शर्यत सुरू झाली ना? आणि ऊवेसारखं नको सांगू. तो नुसते नंबर सांगतो.”

घंटा झाली. शेवटची शर्यत. सोळा जोड्या, सगळा हॉल उभा. पलीकडे ओजसची गाडी सुटली, “दादा, सगळे एकदम घुसलेत, लग्नात जेवणाच्या पंगतीला घुसतात तसे...” आणि पद्माकर हसला. अरुंधतीने तो आवाज मोजला. व्याह्यांच्या वेळी जास्त हसला होता. नक्की जास्त.

तिने हायकेला जर्मनमधून सांगायला घेतलं. शब्द आडवे येत होते. पागोट्याला जर्मनमध्ये काय म्हणायचं, मानपानाला काय म्हणायचं, व्याही ही चीजच या लोकांकडे नाही. तरी ती सांगत राहिली, हायके मधूनमधून मांडीवर थाप मारत राहिली.

आणि मग पलीकडून ओजस म्हणाला, “लाल पुढे, दादा! लाल एकदम पुढे!”

लाल पुढे नव्हते. लाल एक फेरी मागे होते, म्हणून पुढे दिसत होते. खरे पुढे पांढरे होते. शांत, वळणावर, कुणाच्या लक्षात न येता. हे तिला दिसत होतं. त्या रांगेत फक्त तिलाच दिसत होतं.

गप्प बसावं असं तिला वाटलं. चुकू दे त्याला. चुकीचं सांगू दे. मग कळेल.

“लाल नाही!” ती हायकेच्या डोक्यावरून मराठीत ओरडली. “लाल फेरीने मागे आहेत! पांढरे बघ, पद्माकर, पांढरे! खालच्या रेषेवर!”

पद्माकरची हनुवटी इकडे वळली. पूर्ण नाही. ओजस म्हणाला, “अरे हो की, पांढरेच,” आणि पद्माकरने त्याला हाताने गप्प केलं आणि तसाच थांबला, हनुवटी अर्धी वळलेली, पुढचं ऐकायला.

हायकेने तिच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

“डॉइच, बिटे. जर्मनमध्ये बोल. मी बसलेय इथे. तुझ्या मागे मी आहे आता.”

“हो, हो,” अरुंधती म्हणाली, आणि जर्मनमध्ये सांगू लागली, पांढऱ्यांचा दुसरा गडी हात पुढे करून खाली येतोय, त्याचा वेग, त्याचं वाकणं. पण आवाज तिने मुळीच कमी केला नाही. हायकेला लागला असता त्याच्या दुप्पट, जिथपर्यंत पोचायला हवा होता तिथपर्यंत.